वाढते घरगुती वीजबिल आणि छतावरील सौर यंत्रणा : बारामती-इंदापूरच्या कुटुंबांसाठी खरा हिशोब

बारामती तालुक्यातील शिरसुफळच्या माळरानावर महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१५ पासून वीज तयार करतो आहे. पर्जन्यछायेचा हा पट्टा. पाऊस कमी, ऊन भरपूर. जे ऊन सरकारी प्रकल्पाला पुरते ते आपल्या घराच्या छतालाही पुरेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये फिरले तर सौर पॅनेल असलेले घर शोधावे लागते. वीजबिलाची तक्रार मात्र घरोघर आहे.

'सोलर बसवा, बिल शून्य करा' ही जाहिरात आता गावागावांत पोहोचली आहे. ती पूर्ण खोटी नाही आणि पूर्ण खरीही नाही. बिलात नेमके काय असते, दर किती वाढले, सौर यंत्रणेवर एकूण किती खर्च होतो, अनुदान कुणाला किती मिळते आणि ते आपल्या माणसांपर्यंत पोहोचण्यात काय आडवे येते, याची माहिती कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी म्हणून हा लेख.

बिलावरचे पाच आकडे

महावितरणचे घरगुती बिल हातात घ्या. त्यात मुख्यतः पाच गोष्टी असतात.

१) स्थिर आकार : एक युनिटही न वापरता दरमहा द्यावी लागणारी रक्कम.
२) वीज आकार : वापरलेल्या युनिटांची किंमत. ही टप्प्यांनुसार चढत जाते.
३) वहन आकार : वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा प्रतियुनिट खर्च.
४) इंधन समायोजन आकार : वीजखरेदीचा खर्च ठरवल्यापेक्षा बदलला की लागणारी कमी-जास्त रक्कम. ही महिन्यागणिक बदलते.
५) वीज शुल्क : वरील रकमांवर राज्य सरकारचा कर. घरगुती ग्राहकांसाठी तो १६ टक्के आहे.

घरगुती वापराचे टप्पे चार : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. वापर १०१ युनिट झाला म्हणजे सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो असे नाही. पहिली १०० युनिटे पहिल्याच दराने धरली जातात. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण तो दर जवळजवळ दुप्पट असल्याने बिल एकदम उडी मारते.

दर किती वाढले

दर महावितरण स्वतः ठरवत नाही. ते महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. महावितरण प्रस्ताव देते, आयोग हरकती-सूचना मागवतो, जनसुनावणी घेतो आणि आदेश काढतो.

आयोगाच्या मार्च २०२३ च्या आदेशाने दर दोन पायऱ्यांनी वाढले. वीज आकार आणि वहन आकार मिळून प्रतियुनिट दर असे झाले :

- १ ते १०० युनिट : २०२२-२३ मध्ये ४.७१ रुपये, २०२३-२४ मध्ये ५.५८, २०२४-२५ मध्ये ५.८८.
- १०१ ते ३०० युनिट : अनुक्रमे ८.६९, १०.८१ आणि ११.४६ रुपये.
- सिंगल फेजचा स्थिर आकार : १०५ वरून ११६, मग १२८ रुपये.

२८ मार्च २०२५ रोजी आयोगाने पुढील पाच वर्षांचा आदेश काढला. त्याला काही दिवसांतच स्थगिती मिळाली, २५ जून रोजी फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलै २०२५ पासून नवे दर लागू झाले. त्यात १०० युनिटांच्या आतल्या ग्राहकांना सुमारे १० टक्के दिलासा दिल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे हे प्रकरण न्यायालयातही गेले. म्हणून खालचे सगळे हिशोब २०२४-२५ च्या दरांनी, इंधन समायोजन आकार सोडून केले आहेत. आपल्या ताज्या बिलावरचे दर घालून तेच गणित पुन्हा करता येईल.

महिना ९० युनिट वापरणारे कुटुंब घ्या : दोन खोल्या, पंखे, दिवे, टीव्ही, एक लहान फ्रीज. २०२२-२३ च्या दराने त्याचे बिल करासह सुमारे ६१४ रुपये होत होते. तेवढ्याच विजेचे २०२४-२५ मध्ये ७६२ रुपये झाले. एकही बल्ब जास्त न लावता दोन वर्षांत २४ टक्के वाढ.

दुसरे कुटुंब १५० युनिट वापरते. त्याचे बिल १,१७२ वरून १,४९५ रुपयांवर गेले. दोन्ही कुटुंबे शेजारी ठेवून पाहा. ९० वरून १५० म्हणजे वापर दीडपटीपेक्षा थोडा जास्त. बिल मात्र जवळपास दुप्पट.

एका मीटरवर दोन चुली

आपल्या वस्त्यांमध्ये सर्रास दिसणारी गोष्ट : वडिलांच्या नावाचे एक मीटर, त्यावर दोन भावांचे संसार. दोघे मिळून २०० युनिट वापरतात आणि बिल येते सुमारे २,१६० रुपये. हीच वीज दोन स्वतंत्र मीटरांवर १००-१०० युनिट अशी वाटली गेली तर दोन्ही बिले मिळून सुमारे १,६६१ रुपये होतात. महिन्याला ५०० रुपयांचा, वर्षाला ६,००० रुपयांचा फरक. यासाठी सौर पॅनेल लागत नाही. वेगळी चूल, वेगळी शिधापत्रिका आणि वेगळ्या मीटरचा अर्ज लागतो.

नव्या जोडणीची अनामत हा अनेकांपुढचा अडसर असतो. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांसाठी १४ एप्रिल २०२१ रोजी सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजनेत ५०० रुपये अनामत आणि तीही पाच हप्त्यांत भरण्याची सवलत होती. अर्ज करण्यापूर्वी सध्या अशी कोणती सवलत चालू आहे, हे उपविभागीय कार्यालयात जरूर विचारावे.

शेजाऱ्याकडून वायर ओढून वीज घेणे मात्र टाळा. ते बेकायदा आहेच, शिवाय दंड आणि अपघात दोन्हींची टांगती तलवार असते.

केंद्राचे अनुदान

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरे हे तिचे उद्दिष्ट, ७५,०२१ कोटी रुपये हा तिचा खर्च आणि २०२६-२७ हे आर्थिक वर्ष ही तिची मुदत. अनुदान असे :

- १ किलोवॉट : ३०,००० रुपये
- २ किलोवॉट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॉट आणि त्यापुढे कितीही : ७८,००० रुपये

एक किलोवॉटची यंत्रणा महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट वीज देते. तिला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. म्हणजे शंभराच्या आत वापर असलेल्या घराला एक किलोवॉट पुरे. विक्रेता तीन किलोवॉटचा आग्रह धरत असेल तर आधी वर्षभराची बिले त्याच्यासमोर ठेवा.

अनुदानासाठी पॅनेल भारतात तयार झालेल्या सेलचे असावे लागते. काम योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते आणि पाच वर्षे देखभाल ही त्याची जबाबदारी असते. सौर उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, हे पाहा.

राज्याची 'स्मार्ट' योजना : आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची

महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप, म्हणजेच 'स्मार्ट' योजना जाहीर केली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या पाच लाख घरगुती ग्राहकांसाठी ती आहे. एक किलोवॉटच्या यंत्रणेची किंमत ५०,००० रुपये धरली आहे. त्यात केंद्राचे ३०,००० रुपये सर्वांना मिळतात. उरलेल्या २०,००० रुपयांची वाटणी अशी :

- दारिद्र्यरेषेखालील ग्राहक : राज्य १७,५०० देते, ग्राहकाला २,५०० भरावे लागतात.
- अनुसूचित जाती-जमातींचे ग्राहक : राज्य १५,००० देते, ग्राहकाला ५,००० भरावे लागतात.
- सर्वसाधारण गटातील ग्राहक : राज्य १०,००० देते, ग्राहकाला १०,००० भरावे लागतात.

आधी येणाऱ्याला आधी लाभ, असे तत्त्व आहे. बिलाची थकबाकी नसावी आणि यापूर्वी छतावरील सौर यंत्रणेसाठी दुसरे अनुदान घेतलेले नसावे.

१९९० च्या कायदादुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जाती यादीत स्थान मिळाले. त्यामुळे बौद्ध कुटुंबांनी ही सवलत मागताना कचरण्याचे कारण नाही. पण जातीचा दाखला हातात हवा. घरातल्या मुलाचा दाखला शाळेसाठी काढलेला असतो आणि मीटर ज्यांच्या नावावर आहे त्या आजी-आजोबांचा दाखला कुणी कधी काढलेलाच नसतो, ही अडचण जागोजागी येते.

जाहिरातीत न सांगितलेला खर्च

'बिल शून्य' या दोन शब्दांमागे पुढील गोष्टी लपलेल्या असतात.

*स्थिर आकार जात नाही.* सौर विजेने वापराची सगळी युनिटे भरून निघाली तरी स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क द्यावेच लागते. २०२४-२५ च्या दराने ही रक्कम महिन्याला सुमारे १४८ रुपये होते.

*वीज गेली की सौरही बंद.* ग्रीडला जोडलेली यंत्रणा लाइन गेल्यावर आपोआप बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी ही व्यवस्था असते. भर दुपारी ऊन असूनही घरात पंखा फिरणार नाही. लोडशेडिंगवरचा उपाय म्हणून सोलर घेणाऱ्यांची येथेच निराशा होते. त्यासाठी बॅटरी लागते, तिचा खर्च वेगळा आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते.

*इन्व्हर्टर पंचवीस वर्षे टिकत नाही.* पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागेल, असे धरून चाला.

*धूळ आणि राख.* उन्हाळ्यात माळावरची धूळ आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात उडणारी राख पॅनेलवर बसते आणि वीज घटते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने पुसावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये.

*उंच सांगाडा.* गच्चीवर वाळवण घालायचे असेल, झोपायचे असेल, तर पॅनेल उंचावर बसवावे लागते. त्या लोखंडी सांगाड्याचे पैसे अनेकदा वेगळे लावतात. अर्थिंग, वीजरोधक आणि मीटरचा खर्च कोटेशनमध्ये धरला आहे की नाही, हेही लेखी घ्या.

*आधी पैसे, मग अनुदान.* सूर्यघर योजनेत यंत्रणा बसून, तपासणी होऊन, ती सुरू झाल्यावर केंद्राचे अनुदान बँक खात्यात येते. तोवरची रक्कम ग्राहकाने उभी करायची असते. तीन किलोवॉटपर्यंत विनातारण कर्जाची सोय आहे. योजना सुरू झाली तेव्हा त्याचा व्याजदर सुमारे ७ टक्के होता. पतसंस्थेचे किंवा मायक्रोफायनान्सचे महाग कर्ज काढून सोलर बसवले तर बचत व्याजातच जाते.

*उरलेली वीज म्हणजे कमाई नव्हे.* नेट मीटरमध्ये जादा तयार झालेली युनिटे पुढच्या महिन्यांत वळती होतात. ३१ मार्चनंतर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर मात्र आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठी यंत्रणा बसवण्यात शहाणपण नाही.

तीन घरांचे गणित

पहिले घर : वापर ९० युनिट, स्लॅबचे स्वतःचे घर, एक किलोवॉट. महिन्याची बचत सुमारे ६१४ रुपये. फक्त केंद्राचे अनुदान मिळाले तर ५०,००० च्या यंत्रणेत स्वतःचे २०,००० जातात आणि ते फिटायला पावणेतीन वर्षे लागतात. स्मार्ट योजनेतून अनुसूचित जातीचा लाभ मिळाला तर भरलेले ५,००० रुपये आठ-नऊ महिन्यांत वसूल होतात. एका दाखल्याने दोन वर्षांचा फरक पडतो.

दुसरे घर : वापर २५० युनिट, दोन नोकऱ्या, मोठी गच्ची, दोन किलोवॉट. बिल सुमारे २,८२५ रुपयांवरून ३५३ वर येते. महिन्याची बचत जवळपास २,४७० रुपये. यंत्रणा १,४०,००० रुपयांना पडली आणि ६०,००० अनुदान मिळाले, तर उरलेले ८०,००० रुपये पावणेतीन वर्षांच्या आत सुटतात. या घराला अनुदान मोठे मिळते आणि वाचणारे प्रत्येक युनिटही महागाचे असते.

तिसरे घर : बारामती एमआयडीसीत कंत्राटी काम, भाड्याची खोली, सबमीटरवर घरमालक सांगेल तो दर. येथे बचत शून्य, कारण छप्पर स्वतःचे नाही.

या तीन घरांत आपल्या समाजाचे चित्र आहे. सौर यंत्रणेची खरी किंमत पॅनेलपाशी संपत नाही. स्वतःचे छप्पर, नावावरचे मीटर आणि हातात थोडी रोख, या तीन गोष्टींची किंमत तिच्यात धरावी लागते. त्या ज्याच्याकडे आधीच आहेत त्याला योजना सहज मिळते. ज्याला बिलाचा खरा चटका बसतो त्याला एकेका कागदासाठी अडावे लागते.

अडचणी आणि वाटा

मीटर मृत व्यक्तीच्या नावावर आहे : वारसांच्या संमतीने नावबदलाचा अर्ज करा. महावितरणच्या संकेतस्थळावर आणि मोबाइल ॲपवर ही सोय आहे. सौरसाठी अर्ज करण्याआधी हे काम उरका.

घर पत्र्याचे आहे : पत्रा आणि खालचा सांगाडा वजन पेलणारा आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी तपासून घ्या. रमाई आवास योजनेतून घरकुल बांधत असाल तर स्लॅब टाकतानाच पॅनेलच्या खांबांसाठी आणि वायरच्या नळीसाठी सोय करून ठेवा. नंतर फोडाफोड नको.

जुनी थकबाकी आहे : आधी ती खरी आहे का, हे पाहा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. दोन वर्षांहून जुनी रक्कम बिलात सातत्याने दाखवलेली नसेल तर ती वसूल करता येत नाही. बिल चुकीचे असेल तर १९१२ वर किंवा उपविभागीय कार्यालयात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तेथे दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल हे पुढचे टप्पे आहेत.

विहाराचे बिल जास्त येते : विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या बिलावर कोणता ग्राहकवर्ग छापला आहे, ते पाहा. वर्ग चुकीचा पडला असेल तर दरवर्षी जास्तीचे पैसे जात राहतात. वर्गबदलाचा अर्ज करता येतो.

गावपातळीवर काय होऊ शकते, याचे उदाहरण फार दूर नाही. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. सातारा आणि सोलापूर हे जिल्हेही महावितरणच्या बारामती परिमंडळातच येतात. छोट्या वाडीला जे जमले ते आपल्या वस्तीला का जमू नये?

विजेचा प्रश्न आपला कसा

वीज हा तांत्रिक विषय आहे, चळवळीचा नाही, असे कुणाला वाटत असेल तर १९४२ ते १९४६ हा काळ आठवावा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न गरिबीशी जोडला होता. दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, ही त्यांची मांडणी होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच कार्यकाळात. वीज कुणाच्या मालकीची आणि कुणाला परवडणारी, हा प्रश्न त्यांनी राज्यकारभाराच्या पातळीवर विचारला. तोच आज वस्तीच्या पातळीवर विचारायचा आहे.

दरवाढीच्या जनसुनावणीत उद्योगांचे वकील आणि ग्राहक संघटना आकडेवारीनिशी जातात. शंभर युनिटांच्या आतल्या ग्राहकाचे म्हणणे मांडायला तेथे क्वचितच कुणी असते. आयोग हरकती मागवतो तेव्हा साध्या मराठीत लिहिलेले एक पानही चालते. भाड्याच्या खोलीतल्या कामगाराला सौर विजेचा वाटा कसा मिळेल, हा प्रश्न तरी त्यातून नोंदला जाईल.

या महिन्यात करता येण्यासारखे

- रविवारी विहारात येताना प्रत्येक कुटुंबाने मागील बारा महिन्यांची बिले आणावीत. दोन शिकलेल्या मुलांनी ग्राहक क्रमांक, मीटर कुणाच्या नावावर, महिन्याचा वापर, थकबाकी आणि छताचा प्रकार यांची यादी करावी.
- यादीतून १०० युनिटांच्या आतली, स्वतःचे छप्पर असलेली घरे वेगळी काढावीत. स्मार्ट योजनेचे अर्ज सर्वप्रथम त्यांचे भरावेत.
- नावबदल आणि जातीच्या दाखल्याची प्रकरणे एकत्र करून तहसील व महावितरण कार्यालयात गटाने जावे.
- विक्रेत्यांकडून किमान तीन लेखी कोटेशन घ्यावीत. दहा-पंधरा घरांनी मिळून दर ठरवला तर तो कमी होतो.
- पैसे रोख देऊ नयेत, बँकेतूनच द्यावेत. ओटीपी आणि कोऱ्या कागदावरची सही कुणालाही देऊ नये.
- एकाच मीटरवर दोन संसार असलेल्या घरांना स्वतंत्र जोडणीचा अर्ज भरून द्यावा.

स्मार्ट योजनेचा निधी २०२५-२६ आणि २०२६-२७ या दोन वर्षांसाठीच आहे, आणि राज्यभर लाभार्थी पाच लाख. बारामती-इंदापूरच्या वाट्याला त्यातली किती घरे येतील, हे बऱ्याच अंशी आपण कागद किती लवकर जुळवतो यावर ठरेल.